कॅटलॉगची फाइल अपलोड होत नाही? आधी ती नोटपॅडमध्ये उघडा

नवं ऑनलाइन दुकान थाटलं की हा प्रसंग हमखास येतो. रात्री जागून दीडशे वस्तूंची एक्सेल शीट भरलेली असते. नावं, वजनं, किमती, फोटोंच्या लिंक, सगळं जागच्या जागी. इम्पोर्टचं बटण दाबलं की स्क्रीनवर येतं, १२ वस्तू आल्या, १३८ वगळल्या. कधी सगळ्या वस्तू येतात, पण ‘काजू’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

कोकणातल्या काही घरगुती उद्योगांचे ऑनलाइन कॅटलॉग मी सांभाळते. काजू, आमसुलं, कुळथाचं पीठ, मेतकूट, मसाले असा माल. दुकानं वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसच्या वेबसाइटला जोडायच्या दुकानाच्या सॉफ्टवेअरवर आहेत, म्हणून उदाहरणं बहुतेक तिथलीच देते. शॉपिफाय ह्या ऑनलाइन दुकानांच्या दुसऱ्या सेवेचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगते. इतक्या फाइली दुरुस्त केल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच काही बिघडलेलं असतं. फाइल आपल्याकडून निघतानाच बिघडलेली असते, आणि एक्सेलमध्ये ती छान दिसत असल्यामुळे आपल्याला ते कळत नाही. दुकानाला एक्सेलची रंगीत चौकट दिसत नाही, साधा मजकूर दिसतो. तो मजकूर पाहायचा तर फाइलवर राइट क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडायची. पुढच्या बहुतेक पायऱ्यांमध्ये हेच करायचं आहे.

सुरुवातीला: आहे ते जपून ठेवा

दुकानात आधीपासून वस्तू असतील तर प्रॉडक्ट्सच्या पानावरून एक्सपोर्ट करून ती फाइल तारीख टाकून बाजूला ठेवा. काम दोन मिनिटांचं आहे. इम्पोर्ट झाल्यावर ‘अनडू’ नसतो.

पायरी १: फाइल खरंच सीएसव्ही आहे का?

दुकानाला हवी असते सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. एक्सेलची नेहमीची फाइल आतून झिप केलेली असते. तिच्या नावाचं शेपूट बदलून ‘सीएसव्ही’ लिहिलं म्हणून ती सीएसव्ही होत नाही. नोटपॅडमध्ये उघडल्यावर अगदी सुरुवातीला इंग्रजी ‘पी’ आणि ‘के’ ही दोन अक्षरं आणि पुढे सगळा कचरा दिसला, तर ती अजून एक्सेलचीच फाइल आहे. तिला ‘सेव्ह ॲज’मधूनच सीएसव्ही करावं लागेल.

सेव्ह करताना समोर जी शीट उघडी असेल तेवढीच सीएसव्हीत जाते. मसाले एका शीटवर आणि पिठं दुसऱ्या शीटवर ठेवली असतील तर पिठं मागे राहतात, आणि अपलोड ‘यशस्वी’ दिसूनही निम्मा माल गायब असतो.

आकाराचीही मर्यादा असते. वूकॉमर्सच्या इम्पोर्टच्या पानावर कमाल आकार लिहिलेला असतो. होस्टिंगवाल्याने मुद्दाम वाढवला नसेल तर तो पीएचपीच्या (वूकॉमर्स ज्यावर चालतं त्या सर्व्हरवरच्या भाषेच्या) मूळ सेटिंगप्रमाणे फक्त २ एमबी असू शकतो. शॉपिफायला १५ एमबीपर्यंतची फाइल चालते. फाइल मोठी असेल तर तिचे तुकडे करा, पण प्रत्येक तुकड्यात शीर्षकाची ओळ पुन्हा टाका.

पायरी २: मराठी अक्षरं शाबूत आहेत का?

इंग्रजी मार्गदर्शकांमध्ये ह्याबद्दल एखादंच वाक्य असतं, आणि आपला सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक्सेलच्या ‘सेव्ह ॲज’मध्ये सीएसव्हीचे दोन पर्याय जवळजवळ दिसतात. एक नुसता ‘सीएसव्ही’, दुसरा ‘सीएसव्ही यूटीएफ-८’. आपल्याला कायम दुसरा हवा, कारण यूटीएफ-८ ही देवनागरीसकट सगळ्या लिप्या लिहिता येणारी अक्षरपद्धत आहे. नुसत्या सीएसव्हीत विंडोजची जुनी अक्षरपद्धत वापरली जाते. तिच्यात देवनागरीला जागाच नाही, त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं जातं.

बिघाड दोन तऱ्हांचा असतो आणि त्यातला फरक ओळखता आला पाहिजे. नोटपॅडमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मूळ अक्षरं त्या फाइलमधून कायमची गेली. ती फाइल टाकून द्या आणि मूळ शीटवरून नवी बनवा. दुसऱ्या तऱ्हेत डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ पुन्हापुन्हा दिसतो, त्याच्या मागोमाग एक छोटं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह असतं. असं दिसलं तर घाबरू नका, अक्षरं शाबूत आहेत, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचली जात आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि त्यातल्या पहिल्या दोन बाइटांच्या ठरलेल्या दोनच जोड्या आहेत. म्हणूनच तो ‘ए’ परत परत येतो. ‘काजू’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो. संगणक त्यात क, काना, ज आणि दीर्घ उकार अशी ४ चिन्हं मोजतो, म्हणजे १२ बाइट झाले. वाचणाऱ्याने ते एकेक सुटे धरले की एका काजूची बारा विचित्र अक्षरं होतात.

ही दुसरी तऱ्हा बहुतेक वेळा सीएसव्हीवर डबल क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडल्यावर दिसते. तशीच सेव्ह केलीत तर मात्र तो कचरा पक्का होतो. न सेव्ह करता बंद करा. एक्सेलमध्ये ‘डेटा’ टॅबवरून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ ठेवा. वूकॉमर्सच्या इम्पोर्टमध्येही ॲडव्हान्स्ड पर्यायांत फाइलची अक्षरपद्धत निवडता येते.

नवख्यांना मी सांगते, कॅटलॉग गूगल शीट्समध्येच ठेवा. तिथून सीएसव्ही डाउनलोड केली की ती यूटीएफ-८ मध्येच येते, आणि हा सगळा प्रश्नच उरत नाही.

मराठीचा आणखी एक छुपा पेच आहे. ‘पुऱ्या’ किंवा ‘खाऱ्या’ ह्यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही ‘पुऱ्या’ एकसारख्या दिसतात, दुकानाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. मग ‘पाणीपुरीच्या पुऱ्या’ नावाच्या दोन कॅटेगरी तयार होतात आणि अर्धा माल एकीत, अर्धा दुसरीत जातो. एका घरात दोघींनी आपापल्या फोनवरून शीट भरली होती, तिथे हे शोधायला मला अख्खी दुपार लागली. कॅटेगरीचं नाव एकदाच टाइप करा आणि बाकी सगळीकडे तेच कॉपी-पेस्ट करा. शब्दाच्या शेवटी राहिलेल्या रिकाम्या जागेनेही असाच घोटाळा होतो.

पायरी ३: एक्सेलने आकडे बदलले आहेत का?

एक्सेलला जे आकड्यासारखं दिसतं ते तो आकडाच समजतो. बारकोड आणि एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराला दिलेला कोड) अंकांनी लिहिलेले असले तरी ती खरं तर नावं आहेत. त्यांची बेरीज कुणी करत नाही.

आधी बारकोड घेऊ. पाकिटावरचा नेहमीचा बारकोड १३ अंकी असतो, आणि भारतात नोंदवलेला असेल तर तो ८९० ने सुरू होतो. समजा तो ८९०१२३४५६७८९० आहे. एक्सेलच्या साध्या सेलमध्ये तो ‘८.९०१२३ई+१२’ असा दिसतो. सीएसव्हीत सेलमध्ये जसं दिसतं तसंच लिहिलं जातं. ती फाइल पुन्हा उघडली की आकडा होतो ८९०१२३००००००० आणि शेवटचे अंक कायमचे जातात. वाईट गोष्ट ही की एकाच कंपनीच्या वस्तूंचे पहिले अंक सारखे असतात, त्यामुळे मेतकूट, थालीपीठ भाजणी आणि मसाला ह्या तिघांचा बारकोड एकच होऊन बसतो.

बारकोड बरोबर आहे का हे कागदावरही तपासता येतं, कारण त्याचा तेरावा अंक पडताळणीचा असतो. पहिल्या बारा अंकांपैकी १, ३, ५, ७, ९, ११ ह्या जागांवरच्या अंकांची बेरीज करा. बाकीच्या सहा अंकांच्या बेरजेला ३ ने गुणा. दोन्ही मिळवा आणि पुढचा दहाचा पाढा गाठायला किती कमी पडतात ते पाहा. तोच तेरावा अंक. वरच्या उदाहरणात पहिली बेरीज २८, दुसरी ३४, तिची तिप्पट १०२, एकूण १३०. दहाच्या पाढ्यातच आहे, म्हणून शेवटचा अंक ०, कोड बरोबर. बिघडलेल्या कोडात १० अधिक ३९ म्हणजे ४९ येतात, म्हणजे शेवटी १ हवा होता आणि तिथे ० आहे. चूक लगेच सापडते.

एचएसएनचं दुखणं सुरुवातीच्या शून्याचं आहे. काजूचा कोड ०८०१ ने सुरू होतो आणि हळदीचा ०९१० ने. एक्सेल त्यांचे ८०१ आणि ९१० करून टाकतो. कोकणचा माल विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे भोवतं, कारण फळं, सुका मेवा आणि मसाले ह्यांचे एचएसएन शून्यानेच सुरू होतात. शून्य गेलं तरी ते परत आणता येतं. शेजारच्या कॉलममध्ये ‘टेक्स्ट’ हा फॉर्म्युला कोड जितक्या अंकी तितक्या शून्यांच्या नमुन्यासह वापरला की झालं. बारकोडला मात्र असा इलाज नाही, पाकीट हातात घेऊन पुन्हा टाइप करावं लागतं.

तारखांचंही तसंच. लहान मुलांच्या कपड्यांचं माप ‘३-४’ लिहिलं तर एक्सेल त्याची तारीख करतो. एसकेयूच्या (आपण प्रत्येक वस्तूला दिलेल्या वेगळ्या कोडाच्या) मधोमध इंग्रजी ‘ई’ आणि बाजूला फक्त अंक असतील तर त्याचा भलामोठा आकडा होतो. एक्सेलच्या ह्या सवयीपायी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण ‘मार्च १’सारखं जनुकाचं नाव शीटमध्ये टाकलं की तारीख व्हायची. शास्त्रज्ञांचीही तीच अडचण होती, तेव्हा आपली चूक म्हणून खट्टू होऊ नका.

उपाय एकच, आणि तो भरण्याआधी करायचा. बारकोड, एचएसएन, एसकेयू आणि मापाचे कॉलम निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा, मगच टाइप करा. नंतर टेक्स्ट करून गेलेले अंक परत येत नाहीत. गूगल शीट्समध्येही हे कॉलम ‘प्लेन टेक्स्ट’ करावेच लागतात. तिथे तयार फाइल आणताना ‘मजकुराचे आकडे, तारखा आणि फॉर्म्युले करा’ अशा अर्थाची खूण काढून टाका. नव्या एक्सेलमध्ये ऑप्शन्समध्ये ‘डेटा’च्या पानावर हे आपोआप बदल बंद करायची सोय आहे. असेल तर लगेच बंद करा.

पायरी ४: पहिली ओळ आणि किमती

बिलबुकाच्या सवयीने आपण शीटच्या वर दुकानाचं नाव लिहितो, सेल जोडून मधोमध आणतो, खाली एकूण बेरीज मांडतो. ह्या फाइलमध्ये ते काहीच नको. पहिल्या ओळीत फक्त कॉलमची नावं, दुसरीपासून माल. नावं दुकानाच्या नमुना फाइलमधली जशीच्या तशी घ्या. वूकॉमर्समध्ये इम्पोर्टच्या दुसऱ्या पानावर तुमचा कोणता कॉलम कुठे जाणार ते दिसतं, आणि तिथे ‘डू नॉट इम्पोर्ट’ लिहिलेलं असेल तर तो कॉलम वगळला जाणार आहे. घाईत हे पान पुढे ढकलू नका.

किमतीच्या सेलमध्ये निव्वळ आकडा हवा. ‘रु. २५०/-’ नको, रुपयाचं चिन्ह नको, हजाराचा स्वल्पविरामही नको. आकडे इंग्रजी लिपीतलेच लिहा. देवनागरीतला आकडा आपल्याला वाचता येतो, इम्पोर्ट करणाऱ्या प्रोग्रामला तो आकडा वाटत नाही. नेहमीच्या किमतीचा कॉलम रिकामा राहिला तर वूकॉमर्समध्ये वस्तू दिसते पण विकत घेता येत नाही. ‘कार्टमध्ये टाका’चं बटणच नाही अशी तक्रार आली की मी आधी हा कॉलम पाहते.

पायरी ५: स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं

वर्णनात ‘साजूक तूप, गूळ आणि सुंठ’ असा स्वल्पविराम असतोच. त्या सेलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं असतील तर काही बिघडत नाही, आणि एक्सेल किंवा शीट्स ती आपोआप लावतात. फाइल नोटपॅडमध्ये हाताने दुरुस्त करायला गेलो की घोळ होतो. एका स्वल्पविरामापाशी सेल चुकीचा तुटला की त्या ओळीतलं पुढचं सगळं एक घर सरकतं, आणि वजनाच्या जागी किंमत येते. इंचाचं चिन्हही दुहेरी अवतरणचिन्हासारखंच असल्यामुळे असाच त्रास देतं. लोखंडी तवा ‘१० इंच’ असा शब्दात लिहिलात तर प्रश्न मिटतो.

जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहून गावाकडच्या दुकानाचा कॅटलॉग सांभाळणारेही आहेत. त्यांच्या संगणकावर एक्सेल स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम वापरतो आणि दशांशाला स्वल्पविराम. सगळा मजकूर एकाच कॉलममध्ये आला तर हेच कारण. वूकॉमर्सच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत ‘डिलिमिटर’, म्हणजे कॉलम तोडणारं चिन्ह, बदलता येतो.

पायरी ६: पाव किलो, अर्धा किलो, एक किलो

एकाच काजूची तीन वजनं विकायची तर वूकॉमर्समध्ये चार ओळी लागतात. पहिली मूळ वस्तूची, तिचा प्रकार ‘व्हेरिएबल’, आणि ॲट्रिब्यूटच्या कॉलममध्ये तिन्ही वजनं स्वल्पविरामाने. पुढच्या तीन ओळींचा प्रकार ‘व्हेरिएशन’. प्रत्येकीत एकच वजन आणि तिची किंमत, आणि ‘पेरेंट’ कॉलममध्ये मूळ वस्तूचा एसकेयू. चारही ओळींचे एसकेयू वेगळे असले पाहिजेत. मूळ ओळीत ‘२५० ग्रॅम’ आणि खाली ‘२५०ग्रॅम’ असं मधली जागा गाळून लिहिलं तर वजन जुळत नाही.

शॉपिफायमध्ये मूळ वस्तूची वेगळी ओळ लागत नाही. तिन्ही ओळींना एकच ‘हँडल’ (वस्तूच्या पानाच्या पत्त्यातलं नाव) द्यायचा, इंग्रजी छोट्या अक्षरांत, जागेऐवजी आडवी रेघ देऊन. हँडलमध्ये एका अक्षराचा फरक पडला की तीन वजनांच्या तीन वेगळ्या वस्तू होतात.

पायरी ७: फोटो

फोटोची लिंक खासगी खिडकीत, म्हणजे इनकॉग्निटोमध्ये उघडून पाहा. फक्त फोटो दिसला पाहिजे. त्याभोवती बटणं, डाउनलोडची खूण किंवा लॉगिनचं पान आलं तर ती लिंक चालणार नाही. गूगल ड्राइव्हची शेअर लिंक ह्याच कारणाने अडकते, ती फोटोचं पान दाखवते, फोटो देत नाही. वर्डप्रेस असेल तर फोटो आधी मीडिया लायब्ररीत चढवा आणि तिथला पत्ता शीटमध्ये घाला. फोटोच्या फाइलला इंग्रजी नाव द्या, मधे जागा न सोडता.

इम्पोर्ट मध्येच थांबत असेल तर बहुतेक वेळा भार फोटोंचाच असतो. तेव्हा आधी फोटोंशिवाय माल चढवा, मग एसकेयू आणि फोटो एवढेच दोन कॉलम असलेली दुसरी फाइल.

पायरी ८: पाच ओळी चढवा, अहवाल वाचा

दीडशे ओळी एकदम कधीच चढवू नका. एक साधी वस्तू आणि एक तीन वजनांची, एवढ्या पाच ओळींची फाइल करा. ‘पब्लिश्ड’ कॉलममध्ये उणे १ घातलंत तर वस्तू ड्राफ्ट राहतात आणि गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. इम्पोर्ट झालं की शेवटच्या पानावर ‘व्ह्यू इम्पोर्ट लॉग’ उघडा. कोणती ओळ का वगळली ते तिथे लिहिलेलं असतं, आणि ही लिंक बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते.

‘हा एसकेयू आधीच आहे’ अशा अर्थाचं कारण दिसलं तर ती वस्तू दुकानात आहेच. तेव्हा पहिल्या पानावरची ‘अपडेट एक्झिस्टिंग प्रॉडक्ट्स’ची खूण लावा. ती खूण लावली की फक्त जुन्या वस्तू बदलतात आणि नव्या वगळल्या जातात. जुना आणि नवा माल एकाच फाइलमध्ये असेल तर काही ना काही वगळलं जाणारच, म्हणून दोन्हींच्या फाइली वेगळ्या करा.

किमती बदलताना

दिवाळीआधी काजूचा भाव वाढला आणि फक्त किमती बदलायच्या आहेत, तर वूकॉमर्सच्या फाइलमध्ये एसकेयू आणि किंमत एवढेच कॉलम ठेवा. बाकीचे कॉलम ‘असू देत’ म्हणून रिकामे ठेवू नका. रिकामा सेल म्हणजे ‘तिथलं पुसून टाका’ असा अर्थ लागू शकतो. शॉपिफायमध्ये जुन्या वस्तूंवर लिहायची खूण लावली तर अगदी तसंच होतं. कॉलम नसेल तर जुना मजकूर राहतो, कॉलम असून रिकामा असेल तर मजकूर जातो. एका दुकानात माझ्याच हातून नव्वद वस्तूंची वर्णनं अशी पुसली गेली होती. ती त्या बाईंनी वर्षभर एकेक करून लिहिलेली होती. सकाळी काढलेली एक्सपोर्टची फाइल होती म्हणून ती अर्ध्या तासात परत आणता आली. तेव्हापासून माझ्या फोल्डरमध्ये प्रत्येक दुकानाच्या दोन फाइली असतात. एक भरायची मूळ शीट, आणि दुसरी त्या दिवशीची तारीख घातलेली एक्सपोर्ट. ती दुसरी मी एक्सेलमध्ये उघडत नाही, नोटपॅडमध्येच पाहते.